हुकूम द्यायला शिकताना

आमच्या घरात हुकूम सोडायचा अधिकार एकट्या आईकडे होता. बाबा रेल्वेत इंजिनिअर, हाताखाली पुष्कळ माणसं, पण त्यांचा चढलेला आवाज मी घरात कधी ऐकला नाही. मी शाळेत असताना त्यांची नाशिकहून लखनौला बदली झाली आणि आम्ही मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायला आलो. तिथल्या संशोधन संस्थेत ते काय करतात असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "वस्तू मोडून बघतो." आणि ते खरंच होतं. गाडीच्या डब्याखालची स्प्रिंग असो की रुळाचा जोड, किती भार टाकल्यावर तो मोडतो हे बघायचं त्यांचं काम. त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर मोडण्याच्या गोष्टी खूप असायच्या. आई वैतागून म्हणायची, "एखादी न मोडलेली गोष्ट सांगा की कधीतरी."

धाकटा भाऊ तेव्हा अगदी लहान होता, म्हणून त्याची जीभ हिंदीतच वळली. आई मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मी दोन्हींच्या मध्ये. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि घाईत असले की दोन्हींची खिचडी.

मी भूगोलात एम.ए. केलं आणि एका कॉलेजात कंत्राटी शिकवायला लागले. आयुष्य तसंच सरळ गेलं असतं. पण एका पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन घाघरा नदीच्या काठी पूर बघायला गेले. म्हणजे अभ्यासदौराच होता, नकाशे-बिकाशे घेऊन. बंधाऱ्यावर माणसांची ही गर्दी, आणि त्या गर्दीत प्लास्टिकच्या खुर्चीवर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापनाची अधिकारी. तिच्याकडे नावा थोड्या आणि मागणारे खूप. एका बाजूच्या वस्तीतून सतत आरडाओरडा येत होता. तिने तो ऐकून घेतला आणि पहिली नाव नेमकी दुसरीकडे पाठवली, जिकडून काहीच आवाज येत नव्हता. मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन कारण विचारलं. ती कागदावरून मान वर न करता म्हणाली, "जो चिल्ला रहे हैं, उनमें अभी ताक़त है."

परतीच्या बसमध्ये विद्यार्थी गाणी म्हणत होते आणि माझ्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत होतं.

मी घरी जाहीर केलं की कॉलेज सोडून आपत्ती व्यवस्थापनाचा डिप्लोमा करणार. बाबा तोपर्यंत निवृत्त झाले होते. आम्ही कॉलनीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर भाड्याच्या घरात राहत होतो, आणि आदल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट घातला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे सगळं मोडल्यावर जायचं काम?"

"मोडण्याआधी पण," मी म्हटलं. "आधीच जास्त."

"अच्छा," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले. हा होकार की नकार ते मला कळलं नाही. आईचं सगळं स्पष्ट होतं. "स्थळांना पाठवायच्या बायोडेटात काय लिहू? मुलगी पुराची वाट बघते?"

भाऊ खिदळला. "मम्मी, लिख दो, दीदी आफ़त है."

डिप्लोम्याच्या वर्गात आम्हाला शिकवायला एक मॅडम होत्या. मदत आणि पुनर्वसन खात्यातून निवृत्त झालेल्या, अस्सल लखनौच्या, ठेंगण्या, केस पांढरे शुभ्र. दुपट्टा कायम चिकनकारीचा, लखनवी भरतकामाचा. त्या सगळ्यांना 'आप' म्हणायच्या. विद्यार्थ्यांना, शिपायाला, वर्गात शिरणाऱ्या मांजरालासुद्धा. "आप बाहर तशरीफ़ ले जाइए," असं म्हटल्यावर मांजर खरंच जायचं, म्हणून आम्ही त्यांना घाबरून असायचो.

त्यांचं म्हणणं असं की नकाशे, आराखडे, अधिकाऱ्यांच्या साखळीत कोण कुणाच्या वर, हे सगळं कुणीही शिकतो. अवघड आहे ते घाबरलेल्या माणसाला सांगता येणं, आणि त्याने ते ऐकणं. त्यासाठी त्या आमच्याकडून वर्गात हुकूम म्हणवून घ्यायच्या. एकेकाने उभं राहायचं आणि समोरच्याला जागेवरून हलवून दाखवायचं. माझी पाळी आली की वर्गात हशा पिकायचा. मी मराठी डोक्याने हिंदी बोलायचे. "इधर आओ. बैठो. वो मत छूओ." मला त्यात काही गैर वाटायचं नाही, आपल्याकडे असंच बोलतात. मॅडम म्हणायच्या, "आप हुक्म नहीं देतीं, डाँटती हैं. डाँट खाकर आदमी रूठता है, हिलता नहीं."

मग मी घरी सराव सुरू केला. आई भाजी निवडत असायची आणि मी समोर उभी राहून म्हणायचे, "कृपया आप इस दरवाज़े से बाहर चलिए." आई मान वर करायची. "शेंगा कोण मोडणार मग? तू?" बाबा मात्र प्रत्येक वेळी उठायचे आणि खरोखर दाराबाहेर जाऊन उभे राहायचे. कधीकधी मी विसरून जायचे आणि ते बराच वेळ जिन्यात उभेच असायचे. "संपली का आपत्ती?" असं बाहेरून विचारायचे.

कोर्सच्या मध्यावर आमची सराव कवायत होती अमीनाबादमध्ये, कापडाच्या दुकानांच्या एका गल्लीत. आग लागली आहे असं समजायचं आणि गल्ली रिकामी करायची. व्यापाऱ्यांची परवानगी होती, अग्निशमन दलाची गाडी कोपऱ्यावर उभी होती, आणि त्या दिवसाची प्रमुख मी. छातीवर पिवळं जॅकेट, हातात भोंगा. शिट्टी वाजली आणि मी भोंग्यात म्हणाले, "सब लोग बाहर आइए! सब लोग बाहर आइए!" 'आइए' म्हणाले होते, ओरडले नव्हते, मनातून स्वतःवर खूश होते.

कोणी हललं नाही. म्हणजे रिक्षावाल्यांनी माना वळवून बघितलं, इतकंच. मी एका दुकानात शिरले. गादीवरच्या म्हाताऱ्या शेठजींनी फार मायेने म्हटलं, "बिटिया, धूप में घूम रही हो, पहले पानी पियो." मी म्हटलं आग लागली आहे. ते म्हणाले, "हाँ हाँ, मालूम है, सुबह बता गए थे. ज़रा इन बहन जी का निपटा दूँ." आणि त्यांच्यासमोर कापडाच्या ढिगात बसलेल्या बहनजी वळल्या तर ती माझी आई होती.

"तू इथे काय करतेस?"

"तूच म्हणालीस ना अमीनाबादला कार्यक्रम आहे. म्हटलं तुला बघणं होईल आणि पडद्याचं कापडही घेऊन होईल." आणि मग शेठजींकडे वळून, "भैया, ये वाला थोडा फिका नहीं है क्या?"

त्या दिवशी कागदोपत्री आईसकट बरीच माणसं जळाली.

मॅडम गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. मला वाटलं, आता खरपूस ऐकावं लागणार. त्यांनी समोरच्या दुकानातून दोन कुल्फ्या मागवल्या, एक माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हुक्म ठीक था, पता ग़लत था. आपने कहा 'सब'. सब नाम का कोई आदमी इस गली में रहता नहीं." मग त्यांनी समजावलं. गर्दीला उद्देशून बोललं की प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्याला सांगितलं. एक माणूस निवडायचा, त्याच्या डोळ्यांत बघायचं, त्याला एकच काम सांगायचं. मग दुसरा. "और ऐसा काम, जो वह कर सके. काम मिल जाए तो आदमी का डर आधा रह जाता है."

आई तोपर्यंत कापडाची पिशवी घेऊन बाहेर आली होती. मी ओळख करून दिली. मॅडम तिला म्हणाल्या, "आपकी बेटी बहुत अच्छी है. बस आपको बचा नहीं पाई." आईला हे वाक्य इतकं आवडलं की पुढे वर्षभर तिने ते येईल त्या पाहुण्याला सांगितलं.

त्याच वर्षी जूनमध्ये, परीक्षा जवळ आली असताना, बाबा आणि मी मलिहाबादला गेलो. दरवर्षी दशहरी आंब्यांच्या दिवसांत आम्ही दोघं जुन्या गाडीतून जायचो. एका बागवाल्याशी बाबांची वर्षानुवर्षांची ओळख होती. त्याच्या झाडाखाली खाटेवर बसायचं, बादलीत भिजवलेले आंबे चोखायचे, पेट्या गाडीत टाकायच्या आणि यायचं. येताना बाबा त्या दिवशी तब्येतीत होते, नाशिकच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होते.

निघालो तेव्हाच आभाळ पिवळं पडलं होतं. इकडे उन्हाळ्यात आंधी येते ती सांगून येत नाही. थोडंसं अंतर गेलो आणि धुळीची भिंतच अंगावर आली. बाबांनी गाडी कडेला, उघड्या शेताच्या बाजूला थांबवली. काचेवर पानं, फांद्या, काय काय येऊन आपटत होतं. मग जोराची सर आली आणि धूळ बसली. वारा पडला. समोरचं दिसायला लागलं तेव्हा दिसलं ते असं. रस्त्यावर एक मोठं झाड आडवं झालं होतं आणि आंबे नेणाऱ्या एका छोट्या लोडर टेम्पोचा पुढचा भाग त्याखाली दबला होता. ड्रायव्हर आत ओरडत होता. मागे क्रेटवर बागेत काम करणारी एक बाई बसली होती, ती भेदरून उभी राहत होती. पुढेमागे थांबलेल्या गाड्यांतून माणसं उतरून तिकडे धावत सुटली होती. सगळ्यांत पुढे माझे बाबा. मी पट्टा काढेपर्यंत ते उतरून चालायलासुद्धा लागले होते.

मी दार उघडलं आणि मला तार दिसली. झाडाने विजेचा खांब वाकवला होता. तार लोडरच्या टपावरून घसरून रस्त्यावरच्या पाण्यात पडली होती. ठिणगी नाही, तडतड नाही, एखादी दोरी पडावी तशी पडली होती. बाबा आणि ते पाणी यांच्यात फार जागा उरली नव्हती.

मी ओरडले. भोंगा नाही, आइए नाही, काही नाही. वर्षभर शिकलेलं सगळं त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. तोंडातून आलं ते, "थांबा! बाबा, थांबा! पुढे जाऊ नका!"

त्या रस्त्यावर मराठी कळणारा एकच माणूस होता, आणि तो थांबला. पाय उचललेला होता तो त्यांनी तसाच मागे घेतला. मग मागे वळून न बघता विचारलं, "काय आहे?"

"पाण्यात तार आहे. दोन-चार पावलं मागे या, पाय घासत या. हां, तिथेच. हात पसरा. कुणाला पुढे सोडू नका."

त्यांनी हात पसरले. उजव्या हातात उतरताना घाईत उचललेली छत्री होती, डाव्या हातात आंब्यांची पिशवी. तसेच उभे राहिले, रेल्वेच्या फाटकासारखे. मागून धावत आलेली माणसं त्यांना येऊन अडखळली. मीही तोवर पोचले होते. एकच गलका झाला. आदमी मर रहा है, हटिए, आप लोग तमाशा क्यों कर रहे हैं. एक दांडगा तरुण बाबांचा हात बाजूला करत म्हणाला, "बिजली तो आंधी आते ही चली गई थी. तार में कुछ नहीं है."

मी म्हटलं, "गई है, तो आ भी सकती है."

लखनौच्या आसपास या वाक्याला पुरावा लागत नाही. तो तरुण थबकला. गेलेली वीज कधी येईल याचा भरवसा नसतो हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. पण त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आप हैं कौन?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "अफ़सर हैं. यही काम है इनका."

माझे बाबा आयुष्यात खोटं बोललेले मला आठवत नाहीत. तिकीट तपासनिसाला माझं वय सांगतानासुद्धा नाही. मी विद्यार्थिनी होते, आणि तेव्हा तर परीक्षेला बसायचंही बाकी होतं. पण ते बोलून गेले होते, आता मला अधिकारी असणं भाग होतं.

मी 'सब' म्हणाले नाही. त्या तरुणाच्याच डोळ्यांत बघितलं. "आप. झाड़ के उस तरफ़ भी लोग हैं. बाग़ के अंदर से घूमकर जाइए और उन्हें वहीं रोकिए. पानी के पास कोई न आए." तो बागेकडे पळाला. पांढऱ्या कुर्त्यातले एक वयस्कर गृहस्थ जवळच्याच बागेचे मालक होते, त्यांच्या फोनमध्ये वीज उपकेंद्राचा नंबर होता. त्यांना म्हटलं, तुम्ही फक्त हेच करायचं. लाइन बंद करवायची आणि तारेपर्यंत माणूस येईपर्यंत फोन सोडायचा नाही. एकाला रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं, दोघांना बागेतून करवती आणि दोरखंड आणायला. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. काम हातात आल्याबरोबर माणसं ओरडायची थांबली.

राहिली ती क्रेटवरची बाई. ती एक पाय खाली सोडत होती. गाडीत होती तोवर ती सुरक्षित होती, पण जमिनीला पाय लागला असता तर सांगता येत नव्हतं. मी लांबूनच म्हटलं, "बहन जी, मेरी तरफ़ देखिए. पैर ऊपर लीजिए. बैठ जाइए."

"हमको उतरना है," ती रडत म्हणाली.

"उतारेंगे. मैं यहीं हूँ, कहीं नहीं जा रही. आप भैया से बात करती रहिए, वो अकेले हैं अंदर." ती बसली. मग वाकून, क्रेटच्या फटीतून ड्रायव्हरशी बोलायला लागली. तो तिच्याच गावचा निघाला. तिने त्याला काय काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण त्याच्या किंकाळ्यांचं कण्हणं झालं, आणि कण्हण्यात मधूनमधून शब्द यायला लागले. मी त्यालाही ओरडून सांगितलं, दाराला, लोखंडाला हात लावू नका, माणसं येतायत.

त्यानंतरचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब वेळ असेल. एक माणूस डोळ्यांदेखत अडकलेला आणि मी चांगल्या धडधाकट लोकांना त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. कुणीतरी मागून म्हणालं, "पत्थर का दिल है." मी ऐकलं. वळले नाही. बाबांनीही ऐकलं असणार. त्यांचे पसरलेले हात खाली आले नाहीत.

शेवटी मोटरसायकलवरून दोन लाइनमन आले. त्यांनी काठीने तार तपासली, काहीतरी बांधलं, फोनवर बोलले, आणि म्हणाले, "अब जाइए." मग मात्र सगळे तुटून पडले. फांद्या कापल्या, बुंध्याला दोरखंड बांधून ट्रॅक्टरने ओढला. ड्रायव्हरला बाहेर काढलं तेव्हा त्याचा पाय मांडीपाशी मोडलेला होता, पण तो शुद्धीवर होता आणि पाणी मागत होता. रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. क्रेटवरची बाई खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसून सांडलेले आंबे गोळा करायला लागली. बाबा जाऊन तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि तेही गोळा करायला लागले.

पुढे तो ड्रायव्हर बरा झाला. पाय किंचित आखूड राहिला, पण गाडी चालवतो. आम्ही दोघं हॉस्पिटलात त्याला बघायला गेलो होतो. त्याच्या बायकोने बाबांनाच नमस्कार केला, मला नाही. अधिकारी बाई कुठे आहेत, असं तिने विचारलं, आणि मी तेव्हा साध्या सलवार-कमीजमध्ये शेजारीच उभी होते.

घरी आल्यावर आईने ओल्या कपड्यांवरून दोघांना झापलं आणि मग सगळं ऐकून घेतलं. बाबांच्या कपाळाला हात लावून बघितला, नाडी बघितली, दुधात हळद घालून दिली. मी मनातून फुगले होते, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगायला गेले तीसुद्धा शाबासकी घ्यायलाच.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मधे एकदोन प्रश्न विचारले. झाडापलीकडे माणूस पाठवल्याचं ऐकून मान डोलावली. शेवटी म्हणाल्या, "आपके वालिद कहाँ खड़े थे?"

"सबसे आगे."

"तार के सबसे क़रीब."

"जी."

"दिल का इलाज चल रहा है न उनका?"

 हा विचार माझ्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आलाच नव्हता. सगळ्यांना मागे ठेवलं होतं, आणि ज्या एका माणसाला काही झालं असतं तर माझं घर बसलं असतं, त्यालाच तिथे उभं केलं होतं.

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. "मैं यह नहीं कह रही कि ग़लत किया. वही थे वहाँ, वही आपकी ज़बान समझते थे. मैं बस पूछ रही हूँ, सोचकर किया?"

"नहीं."

"तो इतना जान लीजिए. जिन पर हमें सबसे ज़्यादा भरोसा होता है, उन्हीं को हम बिना सोचे आगे खड़ा कर देते हैं. सारी उम्र करते हैं. मैंने भी किया है." कुणाला, कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा थंड झाला होता, तो बदलून आणायला त्या स्वतः उठल्या.

घरी आले तर बाबा गॅलरीत आंबे कागदावर मांडून ठेवत होते, पिकलेले एकीकडे, कच्चे एकीकडे. मी खाली बसले आणि सरळच विचारलं, "बाबा, तुम्हाला तिथे भीती नाही वाटली?"

"वाटली की. पाय गार पडले होते."

"मग मागे का नाही आलात?"

"तू तिथे उभं राहायला सांगितलं होतंस." त्यांनी एक आंबा हुंगला, बाजूला ठेवला. "म्हटलं, विचार करूनच सांगितलं असशील."

"मी विचार नव्हता केला," मी म्हटलं.  "मला तुमच्या छातीचं आठवलंच नाही. खरंच नाही आठवलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता समजूत काढतील, असू दे, होतं असं म्हणतील. त्यांनी पुढचा आंबा उचलून कच्च्यांत ठेवला. मग म्हणाले, "बरं झालं नाही आठवलं. आठवलं असतं तर मला गाडीत बसवलं असतंस आणि तो पोरगा पाण्यात गेला असता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पुढच्या वेळी विचार कर. पण विचार करूनसुद्धा माझंच नाव आलं, तर संकोच करू नकोस."

आत जाऊन मी तोंड धुतलं. आईने विचारलं, काय झालं, तर म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. ती म्हणाली, "काल आंधी, आज कचरा," आणि पोळ्या लाटत राहिली.

परीक्षा झाली, मुलाखती झाल्या. तराईच्या एका जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेजवळ, मला आपत्ती व्यवस्थापनाची कंत्राटी नेमणूक मिळाली. मुलाखतीत मला झाडाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. निघायच्या दिवशी आईने एवढं सामान बांधलं की ते बघूनच भाऊ म्हणाला, "मम्मी, यार, राहत सामग्री वहाँ सरकार देगी."

मॅडमना भेटायला गेले. त्यांनी उपदेश केला नाही. एक चिकनकारीचा दुपट्टा दिला, पांढरा, आणि म्हणाल्या, "यह वहाँ बहुत मैला होगा. होने दीजिएगा."

मी रुजू झाले ती हिवाळ्यात. नदी लांब, वाळूत एका कडेला गेलेली, बघून कुणी म्हणणार नाही की ही गावं गिळते. ऑफिसात मला एक टेबल आणि ओल आलेली भिंत मिळाली. मी टेबलाशी फार बसले नाही. बंधाऱ्याच्या कडेकडेने गावं फिरले. कुठल्या घरात चालता न येणारी आजी आहे, कुणाची सून पोटुशी आहे, कुणाकडे नाव आहे आणि ती कोण चालवतो, हे पाणी यायच्या आधी तोंडपाठ करायचं होतं. सुरुवातीला लोकांना वाटायचं मी रेशनकार्डवाली आहे. मग ओळखायला लागले. खाट टाकायचे, गुळाचा चहा द्यायचे.

नदीच्या अगदी कडेला शेवटचं घर एका म्हातारीचं होतं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, कुठल्या वाटेने निघायचं, कुठल्या शाळेत जायचं. मग माझा हात धरून म्हणाली, "सूखे में तो सब आते हैं, बिटिया. तुम पानी में भी आओगी?"

मी हो म्हटलं.

पाणी आलं ते श्रावणात. मी गेले. ती बकरीचं दावं धरून, दाराशी उंचवट्यावर बसलेली होती. मला बघून तिने आश्चर्य दाखवलं नाही की आनंदही नाही. आधी बकरी नावेत चढवायला लावली, मग स्वतः चढली, आणि वल्हवणाऱ्याला म्हणाली, "चलो."